चढाची गाणी

निहार, इरा... त्या मंगळवारी सकाळी मी कपाटातली पुस्तकं काढून, पुसून, पुन्हा विषयवार लावत होते. शब्दकोशांच्या खणापर्यंत आले असेन, तेवढ्यात बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातून, कुंदाच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. "ताई, आधी खाली बसा," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं मला कळलं. कुंदाने नेहमीप्रमाणे घरातल्या घरात सायकल चालवली होती, आंघोळ करून पोहे खाल्ले होते आणि शेजारी पेपर परत द्यायला गेली असताना "डोकं गरगरतंय, बसते दोन मिनिटं" म्हणून त्यांच्या सोफ्यावर बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सहासष्ट वर्षांची होती. कॅनडात तुम्ही दोघं तेव्हा झोपेत होता, आणि नंतर फोनवर मला चार वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही. दीड महिना झाला. राहिलेली वाक्यं आज लिहिते आहे, पेपरच्या पुरवणीच्या वाचकांनीही ती वाचायला हरकत नाही.

तुम्ही तिला आत्याआजी म्हणायचात. ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि घरात तिचं नाव पडलं होतं 'अर्धी कुंदा'. नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं, हसत हसत, पण ठेवलेलं. हार्मोनियमच्या दोन परीक्षा देऊन तिसरी राहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि कॉलेज सुटलं. साखरपुडा झाला, लग्न झालं नाही. यातलं तिने स्वतःहून काय सोडलं होतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. तुमच्या बाबांसाठी तिने विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला तेव्हा, "कुंदा, तुझं कुठलं काम कधी तडीला गेलंय?" असं मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलून गेले. तिने सुया गुंडाळल्या आणि सासूबाईंना औषध द्यायला निघून गेली. औषधाची वेळ झाली होती, म्हणूनच तर बाही राहिली होती... हे मला फार उशिरा सुचलं.

पुढे तिने एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, निवृत्त झाली, हेंद्रेपाड्यात छोटी जागा घेतली आणि साठाव्या वर्षी गिअरची सायकल आणली. रविवारी बदलापूरच्या सायकलवाल्यांबरोबर जाऊ लागली. एका दसऱ्याला आमच्याकडे जेवताना तिने सांगितलं, की दोनशे किलोमीटरच्या फेरीत नाव दिलं आहे. बदलापूर गावातून पहाटे पाचला निघायचं, बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, तिथून माळशेज घाट चढून पलीकडच्या धाब्याला शिवून परत. वेळ साडेतेरा तास.

तुमचे आजोबा म्हणाले, "शंभरावर थांबशील. सवयीप्रमाणे."

"दादा, श्रीखंड वाढू का?" कुंदा म्हणाली. वाढलंही. मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, "या वेळी नाही थांबणार."

सराव बहुतेक घरातच चाले. मागचं चाक अडकवून ठेवणारा लोखंडी स्टँड असतो, त्याला ट्रेनर म्हणतात. सायकल जागची हलत नाही आणि आपण तासन्‌तास पेडल मारत समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं. भिंतीचा कंटाळा येतो म्हणून तिने आधी भजनं लावून पाहिली, मग नाट्यगीतं. "वहिनी, आलाप सुरू झाला की पाय थांबतात हो. दाद द्यायला." त्याच सुमारास सुट्टीत, निहार, तू आला होतास आणि तिच्या फोनमध्ये तुझी रॉक गाणी भरून गेलास. तू परत गेल्यावर आठवड्याने ती मला उल्हासनगरला घेऊन गेली, मोठा स्पीकर घ्यायला. दुकानदार सिंधी, अगदी अगत्याचा. आम्हा दोघींकडे बघून त्याने एक छोटा गुलाबी डबा पुढे केला.

"आंटी, भजन के लिए ना? ये ले जाओ. गणपती, हनुमान, सब अंदरच भरलेला है."

"भजन नहीं, रॉक," कुंदा म्हणाली. "आवाज छाती में लगना मंगता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

गाणी निवडण्याचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण मला रीतसर काम लागतं आणि कुंदाला रीत जमत नसे. मी एक दोनशे पानी वही केली. गाणं लावायचं, मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत पंधरा सेकंद ठोके मोजायचे, त्याला चारने गुणायचं. सपाट रस्त्यावर कुंदाचे पाय मिनिटाला ऐंशी फेरे घेत, म्हणजे दोन्ही पाय धरून एकशे साठ ठोक्यांचं गाणं हवं. घाटाला त्याहून वेगवान लागत असेल असं मला वाटलं होतं. चूक. घाटात पाय सावकाश फिरतात, साठ-बासष्टच, पण प्रत्येक वेळी सगळा भार देऊन. तिथे एकशे चोवीसच्या आसपासचं, जड पावलांचं गाणं लागतं. ढोल जमिनीत खुंटी ठोकल्यासारखा वाजला पाहिजे. सुरुवात हळू करून मध्येच पळत सुटणारी गाणी आम्ही बाद केली, कितीही चांगली असली तरी. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे जाई. "अगं, हा काय म्हणतोय ऐकलंस का?" मी एकदा म्हटलं. "शब्द तुम्ही ऐका वहिनी, मी ढोल ऐकते," ती म्हणाली. इंग्रजी नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिने स्वतःची ठेवली. एकाची गिटार सुरू होताना ट्रक गिअर बदलतो तसा आवाज यायचा, तो घाटासाठीचा 'ट्रक'. एकात बाई सारखी वरच्या पट्टीत ओरडायची, ती 'सासूबाई'. वहीत मी दोन्ही नावं लिहिली, खरं आणि कुंदाचं.

मग मी भाड्याची गाडी करून कुंदाबरोबर सगळा रस्ता पाहून आले आणि कुठल्या टप्प्याला कुठलं गाणं, याचा क्रम लावला. फेरीत कानात काही घालायला बंदी होती, आणि ती योग्यच, मागून डंपर येतात. म्हणून गाणी डोक्यातच वाजायला हवी होती. त्याच क्रमाने, तीच गाणी, तीन महिने. कॅसेटच्या दिवसांत एक गाणं संपलं की पुढचं आपोआप मनात सुरू व्हायचं, तसं तिचं झालं. मला माझ्या वेळापत्रकाचा अभिमान वाटत होता.

फेरीच्या दिवशी मुरबाडच्या अलीकडे तिचं टायर पंक्चर झालं. ट्यूब बदलायला पाऊण तास गेला, कारण बदललेलीही फुटकी निघाली. पुढचं मी ऐकून सांगते आहे, कारण मी बदलापुरात चहाच्या टपरीवर थर्मास घेऊन बसले होते. घाटात तिच्या मांड्यांना पेटके आले. उतरून, सायकल ढकलत ती कशीबशी वर पोचली, तोवर धाब्याला शिवायची मुदत संपली होती. संयोजकांच्या टेम्पोतून तिला परत आणलं. बरोबर शंभर किलोमीटर झाले होते. तुमच्या आजोबांनी दसऱ्याला सांगितला होता, तोच आकडा. कुंदा टेम्पोतून उतरली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, ट्रकच सापडला नाही मला."

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी मी विचारलं, "सापडला नाही म्हणजे? घाट समोर होता, ट्रक घ्यायचा."

"तो अठ्ठाविसावा आहे."

"मग?"

"मग काय, आधीची सत्तावीस झाल्याशिवाय येतो कुठे? पंक्चरमध्ये धागा तुटला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. घाट आला तेव्हा माझं चौदावं चालू होतं, पळापळीचं. पाय त्याच वेगाने मारत बसले."

मला वर्गातल्या मुली आठवल्या. कविता घडाघडा म्हणतात, पण तिसऱ्या कडव्यापासून म्हण म्हटलं की वर बघत, ओठ हलवत, मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू करतात. त्यांना मी "हे पाठांतर झालं, येणं नव्हे" म्हणून सांगत आले, आणि घरच्या माणसाला तेच केलं होतं. मी तिला म्हटलं, "कुंदा, ही माझी चूक आहे. तू थांबली नाहीस, मी थांबवलं तुला." ती पायाला तेल चोळत होती. "स्वेटरच्या वेळी पण असं म्हणाला असतात तर," ती म्हणाली... मग स्वतःच हसली आणि मला दुसऱ्या पायाला तेल लावायला बसवलं.

क्रम मोडणं मला किती जड गेलं, ते तुमच्या आजोबांना विचारा. वहीतली गाणी मी चिठ्ठ्यांवर लिहिली आणि बर्फीच्या रिकाम्या डब्यात टाकली. आठवड्यातून तीनदा रिक्षाने हेंद्रेपाड्याला जायची. कुंदा ट्रेनरवर, मी खुर्चीत, घड्याळ हातात. डबा हलवून चिठ्ठी काढायची आणि नाव पुकारायचं. स्पीकर बंद. तिने त्या क्षणी, कुठूनही, ते गाणं मनात उचलायचं आणि पाय त्या चालीवर आणायचे. मी तिचा उजवा गुडघा मोजायची. जमलं तरच गाणं खरोखर लावायचं. सुरुवातीला 'ट्रक' म्हटलं की ती डोळे मिटून मागची गाणी चाचपायची. मी ओरडायची, "मागे जाऊ नकोस, दार उघडून थेट आत ये." तिला घाम, मला घाम. पुढच्या दिवाळीच्या सुमारास एकदा ती पेडल मारत असताना मी सहज स्वयंपाकघरातून "सासूबाई" म्हटलं आणि आत येऊन पाहिलं, तर गुडघ्यांची चाल बदलली होती, तोंडाने ती शेजारणीशी सिलिंडरबद्दल बोलत होती.

त्या थंडीतल्या फेरीला मी थर्मास घेऊन बसले नाही. आजोबांनी गाडी काढली आणि आम्ही माळशेजच्या एका वळणावर उभे राहिलो. मदत करायला मनाई होती, बघायला नव्हती. तरुण मुलं आली, गेली. मग खालच्या वळणावर तिचं पिवळं जाकीट दिसलं. आजोबा म्हणाले, "फार हळू येतेय." मी घड्याळ काढलं आणि गुडघा मोजला. एकसष्ट. "हळू नाही," मी म्हटलं, "बरोबर येतेय." ती आमच्या समोरून गेली तेव्हा चेहरा लाल होता, दात दिसत होते, आणि न थांबता ती म्हणाली, "वहिनी, दोनदा साखळी पडली, पण ट्रक चालू आहे." आजोबांना वाटलं, ऊन लागलं हिला.

संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी ती बदलापूर गावात शिरली. एकोणीस मिनिटं शिल्लक होती. सही करताना तिने डाव्या हाताने उजवा धरला आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. आजोबांनी तिची सायकल धरून ठेवली होती, कोणी मागत नव्हतं तरी. टपरीवाल्याला ते सांगत होते, "दोनशे. माझ्या बहिणीने. घाटासकट." चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. कुंदा म्हणाली, "दादा, आता वडापाव घे, तो तरी फुकट मागू नकोस." त्या दिवसानंतर ती दर वर्षी ते दोनशे करत आली, आणि या हिवाळ्यासाठी तिने तीनशेचं नाव दिलं होतं.

तेराव्याला आमच्या एका चुलत जाऊबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बिचारीचं हेही अर्धवटच राहिलं गं." त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्यांना मी कुंदाच्या खोलीत नेलं. भिंतीवर तीनशेच्या सरावाचा तक्ता होता, माझ्या अक्षरातला. त्या मंगळवारच्या चौकोनात लिहिलं होतं, नव्वद मिनिटं. त्यावर कुंदाने लाल पेनाने बरोबरची खूण केली होती आणि शेजारी, मला चिडवायला, आकडा लिहिला होता, ब्याण्णव. "त्या दिवसाचं तिचं काम झालं होतं," मी म्हटलं. "वर दोन मिनिटं जास्त." जाऊबाईंनी पुढे होऊन तो चौकोन वाचला. तुमचे आजोबा दारात होते. "आमच्याकडे ते नाव आता कोणी घ्यायचं नाही," ते म्हणाले. कुठलं नाव, ते कोणाला विचारावं लागलं नाही.

ट्रेनर अजून तिच्या खोलीतच आहे. तिच्याबरोबर रविवारी जाणाऱ्या तिघी आता शनिवारी सकाळी तिथे येतात, पाळीपाळीने बसतात, आणि मी खुर्चीत असते. निहार, तू गेल्या आठवड्यात नुसतं एक गाणं पाठवलंस, खाली एक शब्दही न लिहिता. मी ते तीनदा मोजलं. एकशे चोवीस. चढाच्या पानावर लिहून ठेवलं आणि काल लावलं. तिघींमधली धाकटी, जिचं या हिवाळ्यात पहिलं दोनशे आहे, अर्ध्या मिनिटात धापा टाकू लागली.

"काकू, हे फार जड आहे हो."

"जडच हवं," मी म्हटलं आणि आवाज वाढवला. "पुढे घाट आहे."