अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

एरंडोलच्या शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवलं. मूळ संख्यांचा धडा आला की मी फळ्यावर ओळीने सात एक लिहायची आणि सांगायची, ही अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मी भागून पाहिलं होतं. खरं तर हजाराच्या थोडं पुढेपर्यंत तपासायला हवं होतं. ते ठाऊक असून कंटाळा केला. मोबाइल हाती आल्यावरही कधी बघितलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. हा धडा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी उभी राहिली. धरणगाव रस्त्यावरच्या खेड्यातून यायची, वर्गात सहसा बोलायची नाही.

"मॅडम, दोनशे एकोणचाळीसने भाग जातो."

तिने वही पुढे केली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी वही हातात घेतली नाही. भागाकारात चूक झाली असेल म्हणाले आणि तिला खाली बसवलं.

संध्याकाळी जळगावला घरी येऊन कागद घेतला. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. सात एक.

सकाळी वर्गात कबूल करायचं ठरवून गेले, तर ती आलेली नव्हती. चार दिवस वाट पाहिली, मग तिच्या घरी गेले. मी तिला बसवलं त्याच संध्याकाळी तिच्या आईला लकवा झाला होता. वडील ओट्यावर बसले होते. "आते तिना अभ्यास बंद शे, मॅडम," ते म्हणाले. "बठ्ठं घर तीच सांभाळस." सगळं घर आता तिच्या अंगावर आलं होतं.

ती बाहेर आली, तेव्हा मी वही मागितली. एकेक मूळ संख्या घेऊन तिने भागत नेलं होतं. एकावन्न वेळा बाकी उरली होती. बावन्नाव्या वेळी शून्य.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

"मला माहीत होतं, मॅडम." एवढं बोलून ती आईला कुशीवर वळवायला आत गेली.

वर्गाला मी चूक सांगितली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली, कुणी काही विचारलं नाही. पुढे तिच्या वडिलांना समजावून मी तिचा दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरला. परीक्षेला ती आली नाही. आई जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला गेले. या वेळी वडील तयार होते. तीच नको म्हणाली.

मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते?