देवी आलेलं ग्रेपफ्रूट

माझ्या सासऱ्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेसाठी घोडे पारखत. ती पारख सासऱ्यांपर्यंत उतरली, पण तोवर घोडे उरले नव्हते, म्हणून ती फळांवर चालू लागली. बडोद्यात आल्यापासून अठरा वर्षं मी त्यांच्यामागे पिशवी धरून उभा राहिलो. फळ निवडण्याचा अधिकार मला नव्हता. केसर आंब्याच्या पेटीला तर हातही लावायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात रावपुऱ्यातल्या फळवाल्याकडे गुलाबी ग्रेपफ्रूट आलं. दिसायला पपनसाचं धाकटं भावंड. सासऱ्यांनी ते जन्मात खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मनात कसलीच शंका नव्हती. त्यांनी सगळ्यात मोठं, तुळतुळीत फळ उचललं, कानाशी धरून टिचकी मारली आणि समाधानाने हुंकार दिला. मी चार-पाच फळं तळहातावर तोलून पाहिली आणि आकाराच्या मानाने जड, तपकिरी डाग पडलेलं एक उचललं.

"हे? याला तर देवी येऊन गेल्यात, जावईबापू."

"जड आहे. म्हणजे रस असणार."

"जड तर वरवंटाही असतो. कुठे वाचलंत हे?"

वाचलंच होतं. पण फळ खाली ठेवलं नाही.

सासऱ्यांना चेव आला. "दोन्ही घेऊ. घरी कापू. तुमचं सरस निघालं, तर यंदाचे आंबे तुम्ही निवडायचे."

निवाडा सासूबाईंकडे गेला. सासऱ्यांचं फळ कापलं, तर बोटभर पांढरी साल आणि मधोमध अंग चोरून बसलेला कोरडा गर.

"जाड साल हे खानदानीपणाचं लक्षण," सासरे म्हणाले.

माझं कापलं आणि रस ओट्यावरून खाली ठिबकायला लागला. पापुद्रे सोलून, वर सैंधव भुरभुरून आम्ही फोडी खाल्ल्या. आधी आंबट, मग गोड, आणि माणूस निर्धास्त झाला की कडू. मी तिसरी फोड घेतली.

सासूबाईंनी दोन्ही चाखली. "अहो, तुमचं सुकं आहे. ह्यांचं रसाळ आहे. पण कडूच खायचं होतं, तर कारली होती की घरात."

सासरे शब्दाला जागले. मे महिन्यात मी एकटा दुकानात शिरलो. ते बाहेर रिक्षातच बसून राहिले. मिनिटभरात फोन वाजला.

"देठाचा वास घ्या."

"घेतला."

"कसा येतोय?"

"आंब्यासारखा."

बाहेर रिक्षात त्यांनी कपाळाला हात लावला. मग, "फोन त्याला द्या."

फळवाल्याने "हा काका, हा काका" करत सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातली पेटी काढून घेतली आणि आतून दुसरी आणली. "काका कहे छे, आ लई जाव."

आंबे अप्रतिम निघाले. दोन संपवून, तिसरा चोखण्यासाठी दाबून मऊ करत सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा छान निवडलेत हं, जावईबापू."

मी विनयाने श्रेय स्वीकारलं.