आईच्या गोष्टी आणि चोख बंदोबस्त

आमच्या लॅपटॉपच्या सुरक्षेत कसलीच खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

आई गेली आणि तिचा आवाज तेवढा त्या लॅपटॉपमध्ये राहिला. नातवासाठी तिने गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. मधेच राक्षसाला थांबवून ती बाबांवर ओरडायची, "अवो, दूध उतू चाललंय, दिसत नाय?" बाबा रोज दुपारी ते ऐकायचे आणि दरवेळी उत्तर द्यायचे, "बघतो गं!"

एका दुपारी आमच्या पोशीर गावची वीज गचके देऊन गेली आणि लॅपटॉपचा बोर्ड जळाला. मी घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ. (एकदा प्रिंटर चालू केला होता!) म्हटलं, "बाबा, डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावू. पाच मिनिटांचं काम!"

चौक गावच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क लावली आणि मान हलवली. "कुलूप हाय."

"मग किल्ली?" मी विचारलं.

"जळलेल्या बोर्डावरच्या चिपमधी."

बाबा पुढे सरसावले. "कुलूप लावलं कोणी?"

"आपोआप लागतं, काका. कंपनीच लावते. चोरानं उघडू नये म्हणून."

"चोर? मी नवरा हाय तिचा! लॅपटॉप आपला, बोलणं आपल्या माणसाचं, आन् किल्ली तिसऱ्याकडं?"

दुसरी किल्ली कंपनीच्या खात्यात असते, असं दुरुस्तीवाला म्हणाला. मी ऐटीत कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खात्याच्या नंबरवर ओटीपी पाठवते हं."

खातं आईच्या नंबरवर होतं. तो नंबर मी बंद करून टाकला होता, दहावं-तेरावं आटोपताच, मोठ्या तत्परतेने!

"मग खातेदार स्वतः बोलू शकतील का?" तिने विचारलं.

बाबांनी फोन घेतला. "बोलंल की, पोरी. त्यासाठीच तर उघडायचाय!"

ती हळूच म्हणाली, "सॉरी काका. आमच्याही हातात नाही."

रिक्षात बाबांनी डिस्क दोन्ही हातांत धरली होती, अस्थी धरल्यासारखी. मला राहवेना. "बाबा, मला सगळ्या गोष्टी येतात. सांगू?"

"सांग."

"एक होता राक्षस. तो... डोंगरावर..." पुढे? काहीच आठवेना! रोज दुपारी त्याच घरात होतो मी, कानात इअरफोन घालून.

"राहू दे रं," बाबा म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

चिपने आईला कुलपात तरी जपून ठेवलंय. माझं डोकं मात्र सताड उघडं, ना कुलूप, ना ओटीपी. पण आत आहे काय? राक्षस, तोही अर्धाच!