नॉर्वलने कोरडा केलेला झरा

आपणच सोडलेली पुडी गावभर फिरून आपल्याच कानावर आली आणि आपण ती खरी मानून बसलो, असं तुमचं कधी झालंय का? लगेच नाही म्हणू नका. नॉर्वल हेकॉकही आधी नाहीच म्हणत होता.

नॉर्वल आमच्या गावात शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाला आणि चालवायला काही उरलं नाही, म्हणून योजना चालवायला लागला. थंडी पडली की आयोनाच्या कॅफेतलं खिडकीजवळचं टेबल त्याचं. त्यावर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर केचपच्या बाटल्या. 'लंगडं खेचर' नावाच्या घळीतून पाच मुक्कामांची चाल कशी करायची हे तो दर हिवाळ्यात नव्याने ठरवायचा आणि दर वसंतात कोणाचा तरी गुडघा दुखायला लागायचा. बहुतेक वेळा त्याचाच. ओझं हलकं व्हावं म्हणून नकाशाच्या पांढऱ्या कडा त्याने कात्रीने कापून टाकल्या होत्या. कापायचंच होतं तर मध घातलेल्या लोण्याबरोबर रोज दोन तळलेले स्कोन खातोस त्यातला एक काप, असं मी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"ट्वायला, तू मोर्चे काढ. चालण्यातलं तुला काय कळतं?" असं म्हणून त्याने दुसरा स्कोन मागवला.

यंदा मात्र गंमत नव्हती. यंदा रॉनेल येते म्हणाली होती.

रॉनेल ही त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी बापाने तिला घळीत नेलं आणि "पाणी पुढे आहे, पाणी पुढे आहे" म्हणत दिवसभर तापल्या दगडांतून चालवलं. पाणी पुढे नव्हतं. पोरीने घरी येऊन बूट कचऱ्यात टाकले आणि मोठी झाल्यावर सेंट जॉर्ज शहरात निघून गेली. बाप दर हिवाळ्यात फोन करून विचारायचा, येतेस का? ती म्हणायची, "बाबा, मला कामं आहेत." मग यंदा काय झालं कोण जाणे, हो म्हणाली. अट एकच. तिच्या पाठीचा मणका सरकलेला, त्यामुळे पाण्याचं ओझं ती उचलणार नाही. वाटेत पाणी असेल तर येईन, नाहीतर नाही.

वाटेत पाणी म्हणजे हॅटीचा झरा. बरोबर मधल्या मुक्कामावर, खडकाच्या भेगेतून येणारा. तो असेल तर पोर हलकी पिशवी घेऊन फिरायला जावं तशी चालेल. नसेल तर प्रत्येकाच्या पाठीवर निम्म्या वाटेचं पाणी.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. इथे माणूस शेजाऱ्याला ट्रक देईल, फ्रीजरमधलं हरणाचं मटण देईल, पण आपल्या आवडत्या घळीचं नाव देणार नाही. बाहेरच्यांना कळलं की संपलं. आज एक फोटो, उद्या गाड्यांची रांग, परवा आपली घाण पिशवीत भरून परत न्यायची असते हे ठाऊक नसलेली जत्रा. म्हणून कोणी विचारलं की सरळ थाप मारायची. वाट ढासळली, पूल वाहून गेला, पाणी आटलं. ह्याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही, राखण म्हणतो. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारेही ह्यात पटाईत.

तर त्या गुरुवारी रॉनेल मुद्दाम गाडी चालवत आली, योजना बघायला. टेबलाशी डेल ऑर्टन होता, त्याचं हत्यारांचं दुकान आहे. शेर्म होता, तो मधमाश्या पाळतो. मी काउंटरवर बसले होते, पण आयोनाचं कॅफे एवढंसं आहे की काउंटरवरूनही टेबलावरच असल्यासारखं.

"हॅटीला पाणी आहे ना?" रॉनेलने पर्स खाली ठेवायच्या आधी विचारलं.

नॉर्वलने तोंड उघडलं, पण डेल आधी बोलला. "हॅटी? ती गेली गं. ठणठणीत कोरडी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"कोरडी म्हणजे काय," शेर्मने री ओढली, "भेगेत पाल मरून वाळलेली. मी स्वतः बघितलीय."

नॉर्वलचा चेहरा असा झाला की जणू बस घाटात आणि ब्रेक गायब. एकदा ह्याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. मग पेन्सिल उचलली आणि नकाशावर नवी रेघ मारायला लागला. "मग असं करू, वरच्या बाजूने वळसा घालू. पाणी सगळं बरोबर घेऊ. रॉनी, तुझ्या वाटणीला थोडंसंच..."

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"अगं पण ही दोघं म्हणतायत ना, आटला म्हणून."

"मग मी नाही येत." तिने पर्स परत खांद्याला लावली. "तुमचं पाणी नेहमी पुढेच असतं."

ती दारापर्यंत गेली. नॉर्वल पेन्सिल धरून तसाच बसलेला. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी म्हटलं, "नॉर्वल, त्या झऱ्याचं पाणी पिऊन तू म्हातारा झालास. आटला हे पहिल्यांदा तुला कोणी सांगितलं?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग नकाशाकडे बघत म्हणाला, "मीच."

"काय मीच?"

"मीच सांगितलं सगळ्यांना. ते कॅमेरेवाले आले होते ना, पेट्रोल पंपावर विचारत होते. मी म्हटलं आटला. मग जो विचारेल त्याला तेच सांगायला लागलो. पण ट्वायला, आता ही सगळी इतक्या खात्रीने सांगतात की मला वाटलं, खरंच आटला असेल."

रॉनेल दारातून परत फिरली. खुर्ची ओढली आणि डेलसमोर बसली.

"डेलकाका, तुम्ही बघितलात तेव्हा कुठे उभे होतात? वरच्या काठावर की खाली घळीत?"

डेलला एकाएकी आपल्या प्लेटमधले बटाटे फार आवडायला लागले.

"शेर्मकाका, पाल कुठल्या रंगाची होती?"

"आता पालीला काय रंग असतो?" शेर्म म्हणाला आणि उठून बिल द्यायला गेला. फुकट कॉफीसाठी तासभर बसणारा माणूस! आयोना काउंटरमागे इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रकमधून आम्ही तिघं निघालो. कुरणावरच्या कच्च्या रस्त्याने झऱ्याच्या वरच्या काठापर्यंत गाडी जाते, तिथून खाली उतरायचं. नॉर्वल बसून बसून उतरला. रॉनेल पाठ सांभाळत, एकेक पाऊल टाकत. अर्ध्यात पोचल्यावर नॉर्वल वास घेत म्हणाला, "ओल आहे. नक्की ओल आहे." वासावरून पाणी ओळखणारा कुत्राच जसा.

ओल होती. पाणी नव्हतं. भेगेच्या तोंडाशी सिमेंटचा बांध, त्यातून निघालेली काळी प्लास्टिकची नळी, खडकावरून वर चढून काठापलीकडे गेलेली. नळीच्या दुसऱ्या टोकाला वरच्या कुरणात पत्र्याचं टाकं, आणि टाक्यात तोंड घालून कुरणवाल्याच्या गाई. खालची झाडं सुकलेल्या फांद्या घेऊन उभी होती.

कुरणाच्या मालकाने कोणाला विचारलं? कोणालाच नाही. आटलेल्या झऱ्यासाठी परवानगी कोण मागतं? आणि तिथे कोणी येऊन बघणारही नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, कोरडा आहे. राखण म्हणे! दारावर "घरात काही नाही" अशी पाटी लावून हे लोक निघून गेले, आणि चोराने पाटी वाचून निवांत घर धुऊन नेलं.

हे सगळं मी मोठ्याने बोलले. नॉर्वल दगडावर बसून नळीला हात लावून बघत होता. आत पाणी वाहताना कळतं, नळी गार लागते.

रॉनेल म्हणाली, "बाबा, तुम्ही बोललेलं एकदाचं खरं झालं."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तोही नाही.

घळ सरकारी, म्हणून सोमवारी नॉर्वल जमीन खात्याच्या कचेरीत गेला. जन्मभर ज्या झऱ्याचं नाव त्याने सख्ख्या भावाला सांगितलं नाही, ते भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून साहेबाला दाखवलं. मी पाठीमागे उभी होते, कारण सवयीने बोट भलतीकडे गेलं तर ते हलवायला कोणीतरी हवं. साहेब तरुण, पण बारा गावचं पाणी प्यायलेला.

"हेकॉक, गेल्या वर्षी तुम्हीच मला म्हणालात ना, आटला म्हणून?"

"खोटं बोललो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

माझ्याजवळ ह्यावर चार उत्तरं होती, पण साहेबाने हात वर केला. म्हणाला, नळी आठवडाभर बंद ठेवायला लावतो. पाणी भेगेतून खाली कुठवर जातं ते मला घळीतून चालत नेऊन दाखवा. मुखापासून झऱ्यापर्यंत, मुक्काम करत. गाडीने नाही.

म्हणजे तीच चाल, झऱ्यापर्यंतची. केचपच्या बाटल्यांखाली कितीतरी हिवाळे पडून राहिलेली.

नॉर्वलने कचेरीच्या पायऱ्यांवरूनच मुलीला फोन लावला. "रॉनी, झऱ्याला पाणी असेल की नाही, मला खरंच माहीत नाही. आठवडाभरात भरेल की नाही, तेही नाही. सगळं पाणी बरोबर घ्यावं लागेल. तुला नाही जमणार, मला कळतं. फक्त सांगायला फोन केला."

पलीकडून ती मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मी येते. माझं पाणी मी घेईन. पाठीला पट्टा बांधते, हळू चालते, साहेबाला घाई असेल तर त्याने पुढे जावं. बाबा, तुम्हाला एकट्याला सोडलं तर तिथे पोचल्यावर सवयीने परत आटला म्हणून सांगाल. आणि योजना मी करणार. तुम्ही नकाशाला हात लावायचा नाही."

"कडा कापल्यात गं मी त्याच्या," नॉर्वल म्हणाला.

"दुसरा आणते."

परवा पहाटे नॉर्वल, रॉनेल आणि साहेब, तिघं निघालेत. डेल आणि शेर्म निरोप द्यायला आले होते. चार पावलं बरोबर या म्हटलं, तर दोघांचेही गुडघे दुखत होते.

नळीचं काय होईल ते अजून ठरायचंय. पण तुमच्या डोंगरात, तुमच्या शिवारात असं एखादं पाणी असेल, लोक येऊन नासवतील म्हणून तुम्ही लपवून ठेवलेलं, आणि किती तरी दिवसांत तिकडे फिरकला नसाल, तर माझं एवढं ऐका. हे वाचून झालं की उठा, चप्पल घाला, आणि ते अजून वाहतंय का, जाऊन बघून या.