पहिल्या रांगेतली टोपी

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे माझ्या टोपीला खळ देणं. पंचवीस जानेवारीची सकाळ होती. तिनं टोपी भाताच्या पेजेत बुचकळली, पिळली आणि मी दोरीवर टाकली. "अवं, कडा सरळ करा. उद्या पोरं तुमच्याकडंच बघणार हायेत." मी म्हणालो, "मला काय दुसरं काम न्हाई व्हय?" पण कडा सरळ केल्या.

बायको माझी, पण गावाला ती मावशी. खोडदजवळच्या आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. स्वतःला गाता येत नव्हतं; भजनात तिनं तोंड उघडलं की शेजारच्या बायका हळूच सरकून बसायच्या. गुरुजींनी पोरांचा गीतमंच बसवला, तेव्हा पातेली घासून झाली की तीही तालमीला जाऊन बसायला लागली. म्हणायची, "सूर गुरुजी बघतील. पोटातला गोळा मी बघते."

तो गोळा पहिल्यांदा दिसला जुन्नरला. स्पर्धेला मैदान भरून माणसं. पेटी वाजली, पुन्हा वाजली, पण एकाही पोराचा आवाज फुटेना. पुढं उभ्या दुसरीतल्या सुमीच्या पायाखाली ओलं झालं. माणसं हसली. गुरुजी घामाघूम. मी मागं तंबाखू मळत होतो. मावशीनं माझं मनगट धरलं, फरफटत आणून पहिल्या रांगेत बसवलं आणि पोरांना ओरडून म्हणाली, "माणसं मोजू नका रं! हे आमचं मालक. ह्यांना गाण्यातलं काय बी कळत न्हाई. फकस्त ह्यांना ऐकवा. आवडलं तर टोपी काढतील."

माझं तोंड बघून सुमीच आधी हसली. मग गायली. नंबर काही आला नाही. मी टोपी काढली, पुन्हा घातली.

पुढं तो रिवाजच पडला. जिथं गाणं, तिथं पहिल्या रांगेत मी. "मान डोलवू नका, खोटं दिसतं," हा मावशीचा हुकूम. पोरांसाठी पाच वर्षं टोपी काढली मी. तिच्या हातच्या कालवणाला मात्र बरं झालंय, एवढंही कधी म्हणालो नाही. मीठ कमी पडलं की तेवढं न चुकता बोलायचो.

टोपी वाळत घातली त्याच दुपारी चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, "छातीत दाटतंय." जीप दाराशी येईपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला नदीवर पोचवून आलो.

सकाळी घर लई मोठं वाटलं. चूल थंड. गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "झेंडावंदनाला चार गावची माणसं आलीत. पोरं रडतायत. मावशी न्हाई तर आमी गाणार न्हाई म्हणतात. गाणं रद्द करतो, तेवढंच सांगायला आलो."

थोरला भाऊ म्हणाला, "सुतक हाय. तू कुठं जायचं न्हाईस."

सुतक मलाही कळतं. पण पोरं बघणार कुणाकडं? दोरीवरची टोपी घेतली. दवानं जरा नरमली होती, पण कडा सरळ होत्या. डोक्यावर घातली आणि गेलो. मला बघून माणसं बाजूला सरकली. मी पहिल्या रांगेत बसलो.

पोरं माझ्याकडं बघत राहिली. मी त्यांच्याकडं. सुमी आता सातवीत होती. तिनं नाक पुसलं आणि पहिली ओळ उचलली.

गाणं संपलं. मी टोपी काढली. परत घातली नाही.