कैद्याला पाजलेलं पाणी

यासीन पिंजारी पाथर्डीच्या बाजूच्या आमच्या गावचा. बाप अमीनभाई गाद्या भरायचा. यासीन आणि गावातल्याच झुंबरबाईचा एकुलता एक मुलगा पुंजाराम बरोबरच फौजेत भरती झाले, एकाच पलटणीत गेले. एकाहत्तर साली यासीन सुट्टी संपवून निघाला तेव्हा लढाईची हवा होती. अमीनभाईनं त्याला समोर बसवलं.

"लढायचं तर जीव तोडून लढ. पन बाया, लेकरं, म्हातारी मानसं यांच्यावर हात उचलू नको. फळाचं झाड तोडू नको. मेलेल्याची इटंबना करू नको. हत्यार टाकलेल्याला मारायचं न्हाई, त्याला खाऊपिऊ घालायचं. आपल्या धर्मात लढाईलाबी कायदा हाय."

डिसेंबरात सीमेवरच्या एका शेतात पुंजारामच्या पोटात गोळ्या घुसल्या. तो पाणी मागत होता. यासीन रांगत पोचला, पण बाटलीचं झाकण काढेस्तोवर पुंजाराम गेला.

थोड्या वेळानं त्या गोळ्या झाडणारा पाकिस्तानी शिपाई खंदकातून हात वर करून बाहेर आला. त्याची मांडी फाटली होती. "उडव त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. यासीनलाही तेच करावंसं वाटत होतं. बंदूक त्या माणसाच्या छातीवर किती वेळ धरली होती, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. शेवटी त्यानं ती खाली घेतली, त्याच बाटलीतलं पाणी त्याला पाजलं आणि मांडीला फडकं बांधलं.

दोन दिवसांनी सुरुंग फुटून यासीनचं डावं पाऊल गेलं. तो कुबडी घेऊन गावात परतला.

पुढच्या साली दुष्काळ पडला. सगळं गाव खडी फोडायला जाऊ लागलं, यासीनही. एका दुपारी झुंबरबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

"खरं सांग यासीन. माझ्या पुंजानं पानी मागितलं व्हतं का?"

"व्हय मावशी. माझ्या हातून पाजायचं ऱ्हाऊन गेलं."

"अन् त्याला मारनारा?"

यासीननं सगळं सांगितलं. बाटलीचंही.

"त्याच बाटलीतलं?"

"व्हय. तो कैदी झाला हुता, मावशी. आमच्यात कैद्याला मारत न्हाईत."

झुंबरबाईनं हातोडा उचलला आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

"सांगायचं कशाला?" संध्याकाळी घरी अमीनभाई कळवळून म्हणाला.

"तिनं इचारलं, बा."

गोष्ट गावभर झाली. एके दिवशी खडीवर गावातला छगन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "शेवटी त्यांच्यातलाच तो. आपल्याच मानसाला पानी पाजनार."

यासीन मान खाली घालून दगड फोडत राहिला. झुंबरबाई उठली.

"छगन, तोंड आवर. त्याला माझ्याशी खोटं बोलता आलं असतं. त्यो बोलला न्हाई."

झुंबरबाई परत आपल्या जागी जाऊन बसली. यासीनशी मात्र ती मरेपर्यंत बोलली नाही.