साबुन लगा के आ

"साबुन लगा के आ."

असं तो साहेब मले म्हणाला. पंधरा वर्षांची होती मी. भिलाईच्या सेक्टरमधल्या पोहण्याच्या तलावावर जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आम्ही अकरा पोरी काठावर रांगेत उभ्या. साहेब टेबलाशी बसून नावं लिहून राहिला होता. पोलाद कारखान्यातला मोठा अधिकारी. नागपूरकडचा, मराठी. माझी मराठी ऐकून खूश झाला.

"अरे वा! कुठली गं तू?"

"कोहक्याची. बाबा रेल्वेत गँगमन हायेत."

"छान. आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्या आजानं धर्म बदलला, पण आडनाव जुनंच राहिलं होतं. त्या आडनावावरून माणूस सगळं ओळखतो. साहेबाचा पेन थांबला. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोललाच नाई. नळाकडे बोट दाखवलं आणि हिंदीत म्हणाला, साबुन लगा के आ.

नळ उघड्यावर होता. खाली चौकीदाराचा हात धुवायच्या साबणाचा लाल तुकडा. मी तो अंगाले लावला, कपड्यांवरूनच. धुतलं. परत आली. त्यानं वरून खालपर्यंत पाहिलं.

"एक बार और."

दहा पोरी तशाच पाण्यात उतरल्या. एकीनंही पाय धुतले नाई. काठाले धरून साऱ्या माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. मी दुसऱ्यांदा साबण लावला.

हे मी सांगते ते त्याच्यासाठी नाई. माझ्यासाठी सांगते. कोणी माझा हात धरला नव्हता. मी लावला.

मग पोहली. दुसरी आली. यादी लागली तेव्हा पहिली होती, तिसरी होती, चौथी होती. दुसरी नव्हती.

घरी रडत सांगितलं. वाटलं, बाबा साहेबाले शिव्या देतील. ते नुकतेच रुळावरून आले होते, हाताले ग्रीस होतं. मलेच म्हणाले, "दुसऱ्यांदा कावून लावला?"

"त्यानं सांगितलं म्हनून."

"मले रूळ तुटलेला दिसला तं मी लाल झेंडी दाखवतो. गाडीत साहेब हाये का मंत्री, पाहत नाई. गाडीले थांबाच लागते. तू कावून नाई थांबवलं?"

"लेकरू हाये थे," माय म्हणाली.

"लेकरू हाये म्हनूनच सांगून राहिलो. मोठी झाल्यावर सवय लागते."

त्या दिवशी मले बाबांचा राग आला होता. साहेबापेक्षा जास्त.

त्या तलावावर मी परत गेली नाई. कोहक्याच्या तरियात पोहायले लागली. तरिया म्हणजे गावतळं. शेवाळ, म्हशी, कपडे आपटणाऱ्या बाया. मी मध्यापर्यंत गेली की त्या छत्तीसगढी बाया ओरडत, "ए नोनी, बुड़ झन जाबे!" बुडू नको म्हणत. उतर कोणी म्हणालं नाई, निघ कोणी म्हणालं नाई.

मॅट्रिक झाली आणि हथखोजच्या एका कारखान्यात नट-बोल्टच्या पॅकिंगले लागली. ठेकेदारीतलं काम, कधी सुटेल सांगता येत नाई. सकाळी तरिया, मग बाबांच्या दांड्याच्या सायकलनं हथखोज, संध्याकाळी सायकल घरी टाकून रुळाच्या कडेनं धावत, रूळ दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या गँगपर्यंत. बाबांसोबत परत. धावणं कोणी शिकवलं नाई. सायकल कोणी शिकवली नाई.

सुपेल्यात सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पहिल्यांदा तो शब्द सांगितला. ट्रायथलॉन. "तीन खेल हैं. तैरो, फिर साइकिल, फिर दौड़ो. बीच में रुकना नहीं."

मी हसली. "चाचा, ये तो मेरा रोज का है."

त्यानंच जुन्या सुट्या भागांतून मले रेसची सायकल जोडून दिली. दोन लहान स्पर्धा जिंकल्या. मग मध्य प्रदेशच्या संघाची निवड लागली, एका जलाशयावर; तेव्हा छत्तीसगढ वेगळं राज्य नव्हतं. मी एकटीच गेली. तिथं कळलं, संघटनेचा सचिव तोच साहेब. केस पांढरे झाले होते. त्याची मुलगीही उतरणार होती, नव्या कोऱ्या विलायती सायकलवर.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी त्यानं मले तंबूत बोलावलं. खुर्ची दिली. मराठीत बोलला.

"बस बेटा. हे बघ, मुलींची जागा एकच आहे. पोहण्यात तू पुढे निघशील. सायकलवर माझ्या मुलीसाठी थांब. तू पुढे राहून वारा अंगावर घे, ती तुझ्या मागे राहील. पळताना शेवटी ढिली पड. यंदा ती जाऊ दे. पुढच्या वर्षी खेळाच्या कोट्यातून तुझी नोकरी पक्की."

पक्की नोकरी. बाबांचे गुडघे गेले होते. ठेकेदारानं आमच्या लाइनीतल्या चार बाया नुकत्याच काढल्या होत्या. खोटं कावून सांगू? मी हो म्हणणार होती. तोंडात आलं होतं.

मग तो म्हणाला, "तुमच्या लोकांना आम्ही नेहमीच मदत करतो."

मी खुर्चीवरून उठली.

"साहेब, तुम्ही मले ओळखलं का?"

"नाही."

"तुम्ही मले दोनदा साबण लावायले लावला होता. तलावावर."

त्याले आठवलं नाई. नाटक नव्हतं ते, खरंच आठवलं नाई. हसला. "असेल. पाणी स्वच्छ ठेवावं लागतं."

"मी थांबनार नाई."

"विचार कर."

"केला."

दुसऱ्या दिवशी पाण्यातून मी पहिली निघाली. सायकलवर थोड्या वेळानं मागून आवाज आला. साहेबाची मुलगी. चढावर धापा टाकत ओरडली, "अगं थांब ना! बाबा म्हणाले होते तू थांबशील!" तिच्या आवाजात राग नव्हता. हक्क होता. मी गिअर बदलला. मागं पाहिलं नाई. पळताना डांबर वितळून राहिलं होतं, बुटात रक्त आलं. शेवटच्या दोरीपाशी पोचली तेव्हा मागचा रस्ता रिकामा होता.

निकालात मी नव्हती. सायकलवरून रेषेच्या आधी उतरायचं असते, मी सायकलवरच रेष ओलांडली म्हणे. कोणी पाहिलं? सचिवानं पाहिलं. मी म्हटलं, लिहून द्या. आठवड्यानं लेखी आलं, त्यात रेष नव्हतीच. 'अधिकाऱ्याशी उद्धट वर्तन.' खाली लिहिलं होतं, माफीनामा द्यावा, पुढील वर्षी विचार होईल.

"लिहून दे," माय म्हणाली. "दोन ओळी तं हायेत."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, ते आता बोलतील.

"नोकरी पक्की देनार होता का?" त्यांनी इचारलं.

"म्हणत तं होता."

बाबा उठून बाहेर गेले. तेव्हा कळलं, यापुढची झेंडी मलेच धरायची आहे. बाबा थकले होते. मी त्यांच्यावर रागावली नाई.

मी उत्तर लिहिलं. 'कोणत्या गुन्ह्याची माफी, ते आधी तुम्ही लिहा.' उत्तर आलं नाई.

मग मी खुल्या स्पर्धांत उतरली. मद्रास, गोवा, विशाखापट्टण. तिथं संघ लागत नव्हता, पाय लागत होते. आठ वर्षं खेळून पोट भरलं. कधी उपाशी आली, कधी चषक घेऊन आली. हथखोजले परत गेली नाई. राज्याच्या संघात एकदाही नाव लागलं नाई. लोक म्हणतात, दोन ओळी लिहिल्या असत्या तर देशासाठी खेळली असती. खेळली असती. त्याचं दुःख मले हाये. पस्तावा नाई.

यंदा संघटनेचं पत्र आलं. सत्कार करायचा आहे. जुनं विसरा. शाल, नारळ, मंच.

मी कळवलं, आधी तो निकाल काढा. पहिल्या नंबरवर माझं नाव लिहा. तोवर शाल नको, नारळ नको.

या पत्राच्या कितीतरी आधीपासून, दर वर्षी संघाच्या निवडीच्या दिवशी मी तिथं जाते. निकाल बदला म्हणून तोच अर्ज देते. हातात घेत नाईत, म्हणून टेबलावर ठेवते आणि पोच मागत उभी राहते. नव्या पोरी पाहतात, इचारतात, मी साऱ्यांसमोर सांगते. साहेब निवृत्त झाला. दुसरा आला. त्यालेही दिला. तिसरा येईल, त्यालेही देईन. निकाल बदलेपर्यंत मी त्यांच्या टेबलासमोरून हटणार नाई.